जिन्याखालचं खाकरणं

आमच्या घरात घड्याळ होतं, पण अव्वा तव्यावर भाकरी टाकायची ती अण्णांच्या खाकरण्यावर. अण्णा म्हणजे माझे वडील आणि अव्वा म्हणजे आई. घरी मराठी बोलणारी आम्ही हुबळीची माणसं आईबापांना अशाच हाका मारत आलो. अण्णा दुपारी बाजारातून आले की जिन्याखाली थांबत, घसा खाकरत आणि मगच वर चढत. पुरुषमाणसानं घरात शिरण्याआधी खाकरावं, म्हणजे आतल्या बायकांना पदर सावरायला वेळ मिळतो, ही जुनी रीत. आमच्या दोन खोल्यांत तेव्हा बाईमाणूस म्हणजे एकटी अव्वा, आणि तिचा पदर कधी ढळलेला मी तरी पाहिला नाही. अण्णा तरीही खाकरत. तो आवाज आला की अव्वा पीठ थापायला घ्यायची, आणि अण्णा हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची.

आमचा धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तेव्हा मी पहिलीत होतो. गल्लीतली मोठी माणसं कट्ट्यावर बसून तावातावानं बोलत. अण्णांना त्याचं सुतक नव्हतं. ते म्हणत, "कांद्याला कुठलं राज्य? तो आधीपासूनच कन्नडात विकला जातोय." आमची कांदा-बटाट्याची अडत होती. शेतकऱ्यांनी आणलेला माल आमच्या दुकानापुढं ओतायचा, अण्णांनी ढिगाऱ्यावर उभं राहून लिलाव पुकारायचा आणि खरेदीदारांनी बोली लावायची, असा तो धंदा. घरी मराठी, ढिगाऱ्यावर कन्नड आणि भांडताना दोन्ही.

अण्णांचा आवाज बाजारात सगळ्यांत वेगळा होता. जाड, खाली बसलेला, रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोलावं तसा. लिलाव सुरू करण्याआधी ते एकदा खाकरत. ते ऐकून चहाच्या गाड्यावरचे खरेदीदार अर्धे पेले खाली ठेवून येत. दुसऱ्या अडत्यांना पितळी घंटा बडवावी लागे. आमच्याकडं घंटा नव्हती, आणि त्याचा मला केवढा तोरा होता. "ओंद सल, एरड सल, मूर सल," असं अण्णा तीनदा पुकारून सौदा तोडायचे, तेव्हा त्या तिसऱ्या पुकाराला कुणी उलट बोलत नसे.

मी कॉलेज अर्ध्यावर सोडून अडतीत बसू लागलो आणि अण्णांचा दिवस माझा दिवस झाला. लिलावाआधी काही खायचं नाही, कारण भरल्या पोटी आवाज बसतो असं सगळा बाजार मानायचा. पहाटेपासून नुसता चहा, तोही कडक. लिलाव आटपून घरी पोचेपर्यंत पोटात आग पडलेली असे. त्या आगीवर आम्ही ज्वारीची भाकरी आणि रंजका घालायचो. रंजका म्हणजे ओल्या लाल मिरच्यांचा खार, तो इकडं लोणच्यासारखा नाही, भाजीसारखा खातात. जेवलो की तसेच दुकानात परत, आणि कांद्याच्या पोत्यांवर सरळ आडवं व्हायचं. बाजारातले सगळेच असे झोपत. अण्णांच्या खिशात खायच्या सोड्याची एक डबी असायची, तिच्यातली चिमूट ते अधूनमधून जिभेवर टाकत. "त्यांना सोड्याची सवय आहे," असं आम्ही सांगायचो, तपकिरीची सवय असल्यासारखं.

पाच-सहा वर्षांत माझाही आवाज जड झाला. एकदा अण्णा निपाणीला लग्नाला गेले होते आणि लिलाव माझ्यावर आला. मी ढिगाऱ्यावर चढलो, घसा साफ केला, आणि खरेदीदार पेले ठेवून आले. त्यांना वाटलं अण्णाच आहेत. एक म्हातारा व्यापारी माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "अप्पन दनि मगग बंतु." बापाचा आवाज पोराला आला. मराठी व्यापाऱ्यांनी त्यालाच 'खाण तशी माती' म्हटलं. त्या दिवशी मी घरी आलो, जिन्याखाली थांबलो आणि खाकरलो. वर गेलो तर अव्वानं भाकरी टाकलेली होती आणि ती म्हणाली, "तू होय? मला वाटलं गाडी लवकर आली." मला एवढा आनंद त्याआधी कशाचाच झाला नव्हता, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला पहिल्या वर्गात पास झालो होतो त्याचाही नाही.

पुढं बाजार अमरगोळच्या नव्या आवारात गेला आणि त्याच सुमारास अण्णांचा आवाज बसू लागला. आधी दुपारनंतर, मग सकाळीही. तिसरा पुकार नुसता वारा होऊन निघायचा. आमच्या बाजारात तेव्हा एक समजूत होती, आणि ती मीही मनापासून मानली: पोराला आवाज आला की बापाचा जातो. आवाज एकच असतो, तो घरात फिरतो. अण्णाही तेच म्हणायचे. एके दिवशी त्यांनी मला ढिगाऱ्यावर चढायची खूण केली आणि कुजबुजत्या आवाजात म्हणाले, "गेला बघ तुझ्याकडं. सांभाळ आता."

बाजारानं त्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, पेढे. अण्णा खुर्चीवर बसून हसत होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला माझ्याकडं बोट दाखवत होते. त्यांच्या गळ्यात हार होता आणि त्या हाराच्या आत ते सारखे आवंढे गिळत होते. ते मला दिसलं होतं. मला वाटलं, गहिवरून आलं असेल. त्यांना डॉक्टरकडं न्यावं असं आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही. कशाला येईल? आवाज हरवला नव्हता, घरातच होता. पुढची सात-आठ वर्षं अण्णा कुजबुजत बोलले, पाठीशी दोन उशा लावून बसल्याबसल्या झोपले, आणि एका हिवाळ्यात हृदयविकारानं गेले.

ते गेल्यानंतर त्या आवाजाला घरात वेगळंच मोल आलं. अव्वा कधी बोलून दाखवायची नाही, पण मी जिन्याखाली खाकरलो की तिचा हात पिठाकडं जायचा. माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती आणि स्वयंपाकघर बायकोच्या ताब्यात होतं, तरी माझी पहिली भाकरी अव्वाच टाकायची. "तू नको, मी टाकते," एवढंच म्हणायची. मोतीबिंदूनं तिचे डोळे अधू झाले तेव्हाही तिनं ते सोडलं नाही. बायको एकदा मला हसत म्हणाली, "अहो, ही भाकरी तुमच्यासाठी नसतेच. तुम्ही आपले मधल्या मध्ये खाऊन घेता." खरंच होतं ते, आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

मग माझा घसा दगा द्यायला लागला. छातीत जळजळ तर कितीतरी वर्षांची होती, ती कुणी मोजत नाही. आता वाकलो की आंबट पाणी घशाशी यायचं, सकाळी उठताना घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं, आणि लिलाव निम्म्यावर आला की आवाज फाटायचा. मी खडीसाखर चघळली, ज्येष्ठमध चघळलं, मिरी मधात घालून चाटली. गळ्याला मफलर गुंडाळून भर उन्हाळ्यात हिंडलो. रेड्याला दुखणं आणि पखालीला डाग, तसला प्रकार. पोट घशाला जाळत होतं आणि मी घशाला गोड खाऊ घालत होतो.

माझी मुलगी धारवाडला सप्तापुरात राहते, कॉलेजात शिकवते. तिनं फोनवर माझा आवाज ऐकला आणि पुढच्याच रविवारी मला घशाच्या डॉक्टरपुढं नेऊन बसवलं. त्या बाईंनी नाकातून नळी घालून स्वरयंत्र बघितलं आणि विचारलं, "छातीत जळजळतं का?" मी म्हटलं, "मी घसा दाखवायला आलोय." मुलीनं माझ्याकडं असं पाहिलं की मी पुढं सगळं खरं सांगितलं. त्यांनी मला पोटाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. जठराच्या तोंडाशी जी झडप असते ती सैल झाली आहे आणि आम्ल वर येऊन थेट आवाजाच्या पडद्यांवर पडतं आहे, असं पोटाच्या डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं. रंजका बंद झाला, चहा बंद झाला, खाटेची डोक्याकडची बाजू विटा लावून उचलली. दोन वर्षं गोळ्या घेतल्या. जळजळ निम्मी झाली, आवाज काही सुधारला नाही. मग सर्जननं ऑपरेशन सुचवलं: जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून टाके घालायचे, म्हणजे आम्ल वर यायचं थांबेल.

मी त्यांना एकच विचारलं, "आवाज वाचेल का?"

"आम्ल थांबेल हे मी सांगतो. घशाला आराम पडेल. आवाजाचं मी लिहून देणार नाही," ते म्हणाले.

मला त्यांचा राग आला. पोटाला भोकं पाडायला तयार, आणि शब्द द्यायला नाही! पण मी होकार दिला. जळजळीसाठी नाही दिला. जळजळ मी मरेपर्यंत सोसली असती. अण्णांचा आवाज माझ्या घशात होता आणि तो माझ्या हातून जाऊ नये, एवढ्यासाठी मी त्या टेबलावर झोपलो.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पोटावर चार-पाच टाके, त्यांचं काही नाही. नंतरचे दिवस वाईट. आधी पेज, मग आंबील, मग मऊ भात. घास मोठा झाला की छातीत अडकून बसायचा आणि मी भिंतीला टेकून तो उतरायची वाट बघायचो. ढेकर येणं बंद झालं. पोट ढोलासारखं तट्ट, आणि वर वाट नाही. नात्यातल्या एका लग्नात यजमानबाई माझ्या पानाशेजारी उभ्या राहून विचारत राहिल्या, "पोट भरलं नाही का? ढेकर नाही दिलात." आमच्यात पाहुण्यानं ढेकर दिला म्हणजे अन्न पावलं. मी त्यांना पोटातले टाके समजावून सांगू लागलो, तर त्यांचं तोंड आणखीच उतरलं. शेवटी बायको म्हणाली, "स्वयंपाक फार छान झालाय, ह्यांच्या ढेकराचं ऑपरेशन झालंय." सगळी पंगत हसली, आणि मीही हसलो.

घशाच्या डॉक्टरबाईंनी पहिले काही आठवडे बोलायची मनाई केली होती. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली: खाकरायचं नाही. खाकरताना आवाजाचे पडदे एकमेकांवर आपटतात आणि जखम पुन्हा ताजी होते. घशात काही वाटलं तर घोटभर पाणी प्यायचं. मी पाळलं. काही महिन्यांनी खाकरावंसंच वाटेना. जळजळ गेली. कितीतरी वर्षांनी मी पाठीवर सरळ झोपलो आणि सकाळी तोंडात कडू चव नव्हती. एवढं सुख खोटं म्हणता येणार नाही.

पण आवाज आला तो वेगळाच आला. बारीक, मोकळा, स्वच्छ. शाळेत हजेरी घेणाऱ्या मास्तरांचा असतो तसा. मला वाटलं, अजून ताकद यायची आहे. मी वाट पाहिली. अमरगोळला जाऊन ढिगाऱ्यावर चढलो आणि पहिली बोली पुकारली, तर समोरचे लोक माझ्या मागं बघू लागले, कोण बोलतंय म्हणून. एक जण म्हणाला, "सावकार्र, दनि येल्लि होतरी?" आवाज कुठं गेला, म्हणून विचारत होता. अळणावरकडून वर्षानुवर्षं बटाटा आणणारे एक शेतकरी होते, मराठी बोलणारे, साधे. लिलाव झाल्यावर ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सावकार, भाव बरा मिळाला, त्याचं काय न्हाई. पर आमच्या बाऽपासनं तुमच्या पुकारावर माल सोडलाय. आज कुणी परक्यानंच इकल्यागत वाटलं बगा." त्यांचा काही दोष नव्हता. मलाही तसंच वाटलं होतं.

मी डॉक्टरबाईंकडं गेलो. त्यांनी पुन्हा नळी घालून बघितलं आणि खूश झाल्या. "सूज पूर्ण उतरली," म्हणाल्या.

"आणि माझा आवाज कधी येणार?"

"हाच तुमचा आवाज. आधीचा जाड होता तो सुजेमुळं. पडदे सुजले की ते जड होतात, आवाज खाली जातो. वर्षानुवर्षं आम्ल पडत होतं ना."

"माझ्या वडिलांचाही तसाच होता."

"त्यांनाही जळजळ होती?" त्यांनी सहज विचारलं.

सोड्याची डबी मला दिसली. पाठीमागच्या दोन उशा दिसल्या. हाराच्या आतले ते आवंढे दिसले. धारवाडहून परत येताना बस रायापूरशी बराच वेळ अडकली होती आणि मी खिडकीला डोकं लावून रडलो. शेजारच्या माणसानं जागा सरकवून दिली, त्याला वाटलं मला मळमळतंय. आवाज घरात फिरत नव्हता. एकाच रिकाम्या पोटानं, त्याच चहानं आणि त्याच रंजक्यानं दोन घसे जाळले होते, आणि पहिला घसा जळून संपला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. बघायला गेलं तर तेव्हाही गोळ्या मिळत होत्या, निदान दूध-भातावर ठेवता आलं असतं. पण दुखणं आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला औषध कोण देणार? मला हळहळ वाटते ती ह्याची. अण्णांनी मला आवाज दिला नव्हता. त्यांना जे होत होतं, ते त्यांनी सांगितलं नव्हतं, एवढंच.

आता आमचा लिलाव मुनीम पुकारतो. बरा पुकारतो. आम्ही एक पितळी घंटा आणली.

घरात मात्र मुनीम चालण्यासारखा नव्हता. मी जिना चढून वर यायचो आणि अव्वा दचकायची. "कोण?" म्हणायची. "मी गं," म्हटलं की "हां, तू होय," म्हणायची, पण हात मांडीवरच. तिला समजत होतं सगळं. ऑपरेशन तिला माहीत होतं, आवाज बदलला हेही तिनं ऐकलं होतं. तिचा हातच पिठाकडं जात नव्हता. मी पाटावर बसून जेवत असायचो आणि ती दाराकडं तोंड करून बसलेली असायची. कधी बायकोला हळूच विचारायची, "तो आला न्हवं?" बायको म्हणायची, "अव्वा, इथंच आहेत की, जेवताहेत." माझ्या भाकरी आता बायकोच टाकायची. अव्वाला बोलावलं तर म्हणायची, "दिसत नाही गं मला, करपेल." इतकी वर्षं दिसत नसताना कधी करपली नव्हती.

एके दुपारी मला राहवलं नाही. जिन्याखाली उभा राहिलो, हनुवटी छातीला लावली आणि पोटातून जोर काढून खाकरलो. अण्णांसारखं, जेवढं जमलं तेवढं. घशात सुई टोचावी तसं झालं आणि डोळ्यांत पाणी आलं. वर गेलो. अव्वानं परात पुढं ओढली होती, पण पीठ तसंच होतं. तिनं माझ्या पावलांच्या दिशेनं मान वळवली.

"मुद्दाम केलास न्हवं?"

"हो."

"डॉक्टरनं नको म्हटलंय की."

मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. तोवर मी तिला अर्धवटच सांगितलं होतं, घसा बरा झाला एवढंच. त्या दिवशी सगळं सांगितलं. तो आवाज म्हणजे सूज होती. ते खाकरणं म्हणजे घशावर आंबट पाणी चढायचं म्हणून होतं. माझंही, आणि बहुतेक अण्णांचंही. ऐकताना ती परातीच्या काठावरून बोट फिरवत राहिली.

"म्हणजे त्यांना दुखत होतं," ती म्हणाली.

"असणार."

"जिन्याखाली उभे राहून, रोज."

"हो, अव्वा."

मग तिनं चाचपडत माझा गळा शोधला, अण्णांच्या गळ्याला हात लावावा तसा तिथं हात ठेवला आणि म्हणाली, "आणि मी भाकरी टाकत होते रे."